माळावरची पांढरी रेघ

वाळवंटाचे फोटो काढायला जायचं आहे असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मग घाटावर जा की. रिक्षानं अर्ध्या तासात पोचाल."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं कृष्णाकाठी वाळवंट म्हणजे नदीचं. पाणी ओसरलं की काठाला जी वाळू उघडी पडते, ते वाळवंट. लहानपणी आम्ही तिथं कबड्डी खेळलो, शाळा बुडवून बसलो तेही तिथंच. उंटांचं, पाण्याचा टिपूस नसलेलं वाळवंट भूगोलाच्या पुस्तकात होतं, बोलण्यात ते फारसं यायचं नाही. एकाच शब्दाचा एक अर्थ नदीला चिकटलेला आणि दुसऱ्यात नदीचा पत्ताच नाही, याची मला तेव्हा गंमत वाटली. पुढं त्याच शब्दानं मला तोंडघशी पाडलं, पण ते नंतर.

माधवनगरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साठीशांत, शाळेचे ग्रुप फोटो, यावर आमचं घर चाललं. अल्बमची मांडणी, रंग दुरुस्त करणं, छपाईला पाठवणं हे सगळं बायको बघते आणि माझ्यापेक्षा बरं बघते. ड्रोन मी हौसेनं घेतला नाही. हल्ली लग्नघरातली माणसं आधी ड्रोन आहे का विचारतात आणि मग फोटोग्राफर कोण आहे ते. वरातीच्या डोक्यावरून ते यंत्र भिरभिरवताना मला नेहमी थोडी लाज वाटायची. पण वरून बघायची चटक लागली ती मात्र लागलीच.

वाळवंटाचं वेड जुनं. त्यापायी एकदा राजस्थानला जाऊनही आलो. चार दिवसांची फोटोग्राफरांची सहल होती. संध्याकाळी वाळूच्या एका टेकाडावर आम्ही वीसपंचवीस जण ओळीनं उभे, समोर भाड्यानं आणलेला उंट आणि त्याला सूर्य बुडेपर्यंत इकडून तिकडं फिरवणारा एक कंटाळलेला माणूस. घरी येऊन बघितलं तर सगळ्यांकडं तोच फोटो. सीमा जवळ म्हणून ड्रोन उडवायला बंदी, त्यामुळं वरून काही मिळालंच नाही. एक गोष्ट तेवढी शिकलो. वाळूला भर दुपारी आकार नसतो. सकाळी नि संध्याकाळी ऊन तिरकं झालं की सावल्या पडतात आणि त्या सावल्यांनीच वाळू दिसायला लागते. हे कळायला एवढ्या लांब जावं लागलं याचा बायकोनं बरेच दिवस समाचार घेतला.

परत आलो आणि त्याच उन्हाळ्यात जत तालुक्यात एका लग्नाचं काम निघालं. जतकडं मी याआधी कितीदा गेलो असेन, पण गाडीत मान टाकून झोपलेला. या वेळी जागा होतो. उसाची शिवारं मागं पडली, मग द्राक्षांचे मांडव विरळ झाले आणि एका वळणानंतर नुसता माळ सुरू झाला. तांबूस मुरूम, वाळलेलं कुसळ, कुठं एखादी बाभळ. सकाळचं ऊन आडवं पसरलेलं, आणि प्रत्येक दगडाला त्याच्यापेक्षा लांब सावली. मी गाडी थांबवायला लावली. राजस्थानात जे शोधत होतो ते माझ्याच जिल्ह्यात, माझ्या घरापासून तीन तासांवर होतं. मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

त्यानंतर मी महिन्यातून दोनदा तरी तिकडं जायला लागलो. पहाटे निघायचं आणि उजाडताना माळावर पालथं पडायचं. जमिनीवरून फोटो काढताना सगळं अंगाला लागतं. कोपराला मुरूम टोचतो, कुसळं सदऱ्यात घुसतात, नाकात मेंढरांच्या लेंड्यांचा वास जातो. एका चौकटीत चार दगड, एक काटकी आणि एक मुंगळा, एवढाच ऐवज, पण तो सगळा ओळखीचा. ड्रोन शंभर फुटांवर गेला की यातलं काही उरत नाही. दगड जातात, वास जातो आणि उरतात नुसत्या रेघा नि रंग. खाली जे खरखरीत असतं ते वरून मऊ दिसतं. मला हे फार आवडायचं. आवडायचं असं आज म्हणतोय, तेव्हा तर मी त्यावर लोकांना भाषणं द्यायचो.

माळाच्या एका उंचवट्यावर एक घर होतं. दगडी भिंती, वर पत्रा, शेजारी मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. घरात तिघं. नवरा, बायको आणि त्यांचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. मुलगा तालुक्याच्या गावी ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला, लोकांच्या शेतांवर जाऊन पाइप टाकून देणं हे त्याचं काम. बाप मेंढरं आणि डाळिंबाची बाग बघायचा. आई, तिला मी अक्का म्हणायला लागलो, घर बघायची. ती मेंढरांशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत आणि नवऱ्याशी फारसं बोलतच नसे.

पहिल्या दिवशी तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. मी निम्मं प्यालो आणि निम्मं तोंडावर मारून मातीत सांडलं. ती बघत होती. मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात.

त्या घराजवळून मी ड्रोन उडवला तेव्हा मेंढरं बुजली आणि कुत्रं भुंकून भुंकून दमलं. मी पडद्यावर बघत होतो. सगळा माळ तांबडा-पिवळा, मधे घराचा पत्रा चकाकतोय आणि घरापासून निघून उतारावरून खाली गेलेली एक बारीक पांढरी रेघ. सरळ नव्हती ती. थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं, अशी डुलत डुलत गेलेली. इतकी सुंदर रेघ मी कधी बघितली नव्हती. मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. फक्त एक गोष्ट खुपत होती. रेघ जिथं संपत होती तिथं, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, ओढ्याकाठी एक हिरवा चौकोन होता. डाळिंबाची बाग, आणि तिच्या शेजारी विहीर. त्या हिरव्यानं माझ्या वाळवंटाचा सगळा रुबाब घालवला होता. घरी येऊन मी तो कोपरा कापून टाकला.

बायको संगणकावर बसली होती. म्हणाली, "बाग का काढली?"

"विषय वाळवंटाचा आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. तिचं असलं बरं मला ओळखू यायला हवं होतं.

दिवाळीनंतर सांगलीत आम्हा हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. माझा फोटो सगळ्यांत मोठा छापला होता, दारातून आत आलं की समोर. खाली पाटी लावली : 'आपल्याच जिल्ह्यातलं वाळवंट'. आणि उगाच कुणी राजस्थानचा समजू नये म्हणून खाली बारीक अक्षरात त्या गावाचं नाव, तालुक्यासकट. मला त्या नेमकेपणाचा अभिमान होता. लोक थांबायचे, मोबाइल काढायचे. कुणी म्हणालं, दुबई वाटते. मी तीन दिवस नुसता हवेत होतो.

प्रदर्शन संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माळावरच्या त्या मुलाचा फोन आला.

"काका, तुमी आमचं घर वाळवंट म्हनून लावलंय व्हय तिकडं?"

मी म्हणालो, "अरे, फार नावाजला तो फोटो."

"नावाजला असंल. माझी सोयरीक अडली त्यापायी."

मग त्यानं सगळं सांगितलं. उंब्रजकडची मुलगी होती. लांबच्या नात्यातले पाहुणे, मुलगी औषधशास्त्राचा कोर्स झालेली, तिथल्याच मेडिकल दुकानात कामाला. मुलानं मुलीला बघितलं होतं, मुलीनं मुलाला, दोघांनाही पसंत. दोन दिवसांनी सुपारी फुटायची होती. म्हणजे चार माणसांदेखत लग्न पक्कं व्हायचं होतं. तेवढ्यात मुलीचा मामा काही कामानं सांगलीत आला, प्रदर्शनात डोकावला आणि समोर माझा फोटो. गावाचं नाव वाचलं, मुलानं पाठवलेल्या फोटोतला घराचा पत्रा ओळखला, मोबाइलवर फोटो काढून उंब्रजला धाडला. खाली लिहिलं, पोरीला हितं द्यायची व्हय?

"ते म्हनत्यात, जरा थांबा," मुलगा म्हणाला. "तीन ठिकानी न्हाई म्हनून झालंय काका. जत म्हटलं की मानसं चा बी घेत न्हाईत. ही एक व्हय म्हनाली हुती."

माझा स्वभाव असा की चूक झाली की आधी राग येतो. फोन ठेवला आणि मी बायकोला ऐकवायला लागलो. फोटो काही खोटा नाही, जे होतं ते काढलं, लोकांना बघायची अक्कल नाही त्याला मी काय करू. ती अल्बमची पानं लावत होती. मला सगळं बोलू दिलं आणि म्हणाली, "खोटा नाही ना? मग तो कोपरा कुठाय?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"आख्खा छापते," ती म्हणाली. "घेऊन जा उंब्रजला. कापलाय तुम्ही, दाखवायचाही तुम्हीच."

रविवारी मी गुंडाळलेला मोठा फोटो काखेत घेऊन उंब्रजला गेलो. हायवेवरून आत वळल्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला. मुलीचे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, दारातच ताठ उभे. माझं नाव-गाव विचारलं, बसवलं आणि थेट मुद्द्यावर आले.

"हे बघा, मी राजस्थानात तीन वर्सं काढल्यात. वाळवंट काय असतं ते मला सांगाया लागू नका. पानी मोजून प्यायचो आमी. पोरगीला तसल्या जागी न्हाई द्यायची मला."

त्यांची एक म्हातारी बहीण भिंतीला टेकून बसली होती, मुलीची आत्या. तिला इतका वेळ भांडणच कळत नव्हतं. ती म्हणाली, "आरं पर वाळवंट हाय म्हंजी नदी हाय की दारात! मग काय वंगाळ हाय त्यात?"

हवालदारांनी कपाळाला हात लावला. मला मात्र हसू आलं नाही. सात-आठ महिने मी ज्या शब्दानं मिरवत होतो, तो या बाईला सरळ सरळ भरल्या नदीचा वाटत होता, आणि तिचं म्हणणं माझ्या पाटीपेक्षा जास्त बरोबर होतं. तिथं नदी नसली तरी विहीर होती. मीच ती कापली होती.

मी फोटो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार फुलपात्रं ठेवली आणि कबूल केलं. हा कोपरा मी काढून टाकला होता, दिसायला बरं दिसावं म्हणून. ही डाळिंबाची बाग. ही विहीर, बारा महिने पाणी. हा माळ उन्हाळ्यात असा दिसतो, आता जाऊन बघाल तर यातल्या निम्म्या रानात शाळूची ज्वारी उभी आहे. माणसं कष्टाळू आहेत, मी त्यांच्या घरी जेवलोय. माझ्या पाटीमुळं त्यांचं नुकसान होऊ नये एवढंच म्हणायला आलोय.

हवालदार वाकून बघत होते. चेहरा जरा सैल पडला. "आसं हाय व्हय," ते म्हणाले. "बाग तर चांगली दिसती." मला वाटलं, जमलं. चहा आला.

चहा घेऊन आलेली मुलगी आत गेली नाही. फोटोपाशी मांडी घालून बसली. बराच वेळ बघत होती. मग बागेवर बोट ठेवलं.

"पाणी हितं हाय."

"हो," मी म्हणालो.

तिनं बोट पत्र्यावर नेलं. "घर हितं हाय. मग घरात पाणी कसं येतं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे मला माहीत नाही. सात-आठ महिने त्या घरचं पाणी पीत होतो.

"ही पांढरी रेघ काय?" तिनं विचारलं.

"मेंढरांची वाट."

"न्हाई," हवालदार म्हणाले. आता ते गुडघ्यावर बसले होते, नकाशा वाचायला बसावं तसे. "मेंढरं पसरून चालत्यात, अशी रेघ पाडत न्हाईत. ही मानसाची वाट हाय. आन् ही बघा, चढाला अशी नागमोडी घेतलीया. रिकामं मानूस सरळ चढतं. वजन घेतलेलं मानूस असं तिरकं तिरकं चढतं, दम लागू नये म्हनून."

ज्या डुलण्यावर मी भाळलो होतो ते एका बाईच्या कमरेचं आणि गुडघ्यांचं होतं. मला त्या क्षणी खरंच जमिनीत जावंसं वाटलं.

"किती लांब हाय ही वाट?" मुलगी म्हणाली.

"जवळच आहे. ड्रोन तर मिनिटभरात..."

"तुम्ही चाललाय का तिच्यावरनं?"

"नाही."

"मग चालून या," ती म्हणाली, "भरलेली घागर घेऊन. आन् मला खरं सांगा. मग मी सांगीन व्हय का न्हाई ते." आवाज चढवला नव्हता तिनं. औषध कधी घ्यायचं ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाली. वडिलांनी तिच्याकडं बघितलं, पण अडवलं नाही.

पुढच्या रविवारी मी जतला गेलो. कॅमेरा गाडीतच ठेवला. बाप-लेक बागेत होते. अक्काला सांगितलं, तुमच्याबरोबर पाण्याला येतो. ती आधी हसली, मग माझा चेहरा बघून तिनं मला एक प्लॅस्टिकची घागर दिली. स्वतः दोन घेतल्या.

जाताना सोपं होतं. उतार, थंडीचं ऊन, दोन्ही बाजूंना शाळू कमरेएवढा. वाट पावलाएवढी रुंद, मुरूम घासून घासून पांढरा पडलेला. मी घड्याळ लावलं होतं, बारा मिनिटं लागली. विहिरीवर मोटर चालू होती. डाळिंबाच्या ओळींतून काळे पाइप गेलेले आणि एकेका झाडाच्या बुडाशी ठिबक, थेंब थेंब पडतोय. शेकडो झाडं असतील. एकाही झाडाला पाण्यासाठी जागचं हलावं लागत नव्हतं.

येताना तिच्या डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. माझ्या खांद्यावर एक. पहिल्या चढालाच माझा खांदा बधिर झाला. मी सरळ चढायला गेलो आणि चार पावलांत कळलं की ते होत नाही. पाय आपोआप वाटेसारखे तिरके पडायला लागले. तीन ठिकाणी घागर टेकवली. तिसऱ्या ठिकाणी एक सपाट दगड होता, त्यावर घागरीच्या बुडाएवढा गोल खळगा.

"हितंच टेकतीय मी बी," ती म्हणाली.

"रोज किती खेपा?"

"चार. उन्हाळ्यात सा. पावनं आलं की इचारू नगा."

"पाइप का नाही आणला वर?"

"चढ हाय. मोटर वढत न्हाई म्हनत्यात."

"कुणी बघितलंय का ओढून?"

"कुनाला येळ हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला सहन होईना. मुलगा रोज उठून दुसऱ्यांच्या रानात पाइप टाकायला जात होता. आणि मी तरी कोण होतो, वरून बघून मेंढरांची वाट म्हणणारा. मला काहीतरी करून त्या घराचं भलं करायचं होतं. मी म्हणालो, "अक्का, मी तिकडं पंधरा मिनिटांची वाट आहे म्हणून सांगतो. सुपारी तर फुटू दे. पुढचं पुढं."

तिनं कमरेवरची घागर दगडावर ठेवली, डोक्यावरची तशीच.

"खोटं सांगू नगा," ती म्हणाली. "मला कुनी सांगितलं न्हवतं. माझा बा घर बघाया आला तवा तितं बाजंवर बसला, चा प्याला, मेंढरं मोजली. पानी कुटनं येतं ते न्हाई इचारलं. मी लगीन हून आले, दुसऱ्या दिशी सासूनं घागर हातात दिली. तीस वर्सं झाली."

"आणि लग्न मोडलं तर? तुमच्याच मुलाचं आहे."

तिच्याही मनाला ते लागत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तीन ठिकाणचा नकार तिनंही पचवला होता.

"मोडंल," ती म्हणाली आणि घागर उचलली.

घरी पोचलो तेव्हा घड्याळात येताना सत्तावीस मिनिटं झाली होती. उंचवट्यावर जिथं रेंज मिळते तिथून मी उंब्रजला फोन लावला. बाप-लेकही तोवर आले होते, ते समोर उभे. मी मुलीला सगळं सांगितलं, एक मिनिटही न कापता. जाताना बारा, येताना सत्तावीस, चार खेपा, उन्हाळ्यात सहा. मोटर ओढत नाही म्हणतात, पण ओढून कुणी बघितलेली नाही, हेही सांगितलं. मुलाचा चेहरा पडत गेला.

पलीकडं तिनं आकडे परत एकदा म्हणून बघितले. मग ती म्हणाली, "त्यांना सांगा, मुलगा मला पसंत हाय. माळ बी चालंल. मी घागर उचलनार न्हाई. घरात नळ येऊ द्या, मग सुपारी फोडू."

बाप तिथल्या तिथं भडकला. अजून माप ओलांडलं न्हाई आन् अटी घालती, असं काहीबाही बोलला. मुलगा वाटेकडं बघत होता, मग आईच्या डोक्यावरच्या चुंबळीकडं. सोमवारी त्यानं दुकानातून सुट्टी घेतली.

पुढं काय झालं ते मला तो रोज फोनवर सांगायचा. जुनी मोटर खरोखरच ओढत नव्हती. त्यानं विहिरीवर दुसरी बसवली, वाटेच्या कडेनं काळा पाइप टाकला, घरामागं दगडी चौथरा रचून टाकी ठेवली. बाप दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी चर खणायला लागला. शेवटचा सांधा बसला त्या दिवशी मी गेलो होतो. मला बोलावलं होतं फोटो काढायला, उंब्रजला धाडायचा म्हणून.

मुलानं खाली जाऊन मोटर सुरू केली. आम्ही नळापाशी उभे. आधी नुसती हवा आली, मग नळ दोनदा खोकला, लाल गढूळ पाणी थुंकला आणि मग धार लागली. बापानं टाळी वाजवली, चक्क. मुलगा चढ पळत वर आला, सरळ, कुठंही न थांबता. मी कॅमेरा डोळ्याला लावून होतो. खूप आनंद झाला होता मला, आपण काहीतरी निस्तरलं असं वाटत होतं.

अक्का चुलीपुढून उठून बाहेर आली. हाताला पीठ. तिनं धारेखाली हात धरला, पीठ धुतलं. नळ बंद केला, परत सोडला.

"किती दिस लागलं?" तिनं विचारलं.

"आट दिस," बाप फुशारकीनं म्हणाला. "आटच दिवसात केलं बघ."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग मुलाकडं.

"आट दिसाचं काम हुतं हे?"

बाप पाइपाकडं बघत राहिला, मुलगा नळाकडं. मी कॅमेरा खाली घेतला. तिनं नळ घट्ट बंद केला आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.